भिंतीआडचा पंखा

पोलंडमधल्या कातोविचेजवळच्या आमच्या कोळशाच्या खाणीत वरच्या सर्व्हरला विचारून उत्तर येईपर्यंत खाली वायू भरतो. म्हणून जागच्या जागी हिशेब करणाऱ्या पेट्या आल्या. एज कॉम्प्युटिंग म्हणतात त्याला. पेटीला माणसाचा श्वास जाणवला की ती पंखा चालू ठेवते, कुणाला विचारत बसत नाही. उद्घाटनाला पितळी बँड वाजला. व्यवस्थापक झारेंबासाहेब म्हणाले, ही पेटी चुकत नाही.

सप्टेंबरात बोगद्याचं छत कोसळलं. माझा धाकटा भाऊ एर्विन आत राहिला. पेटी सांगत होती, आत एक माणूस आहे. तरी साहेबांनी खणणं थांबवून भिंत बांधली. फक्त हवेचा पाइप आणि आतला सेन्सर राहिला.

पेट्या सांभाळणारा तंत्रज्ञ मीच. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी पेटी बदलली. कोऱ्या पेटीनेही तेच सांगितलं. सेन्सरची केबल काढली, तरी पडद्यावर तेच. आत एक माणूस. पंखा चालू.

फेब्रुवारीत साहेब स्वतः खाली उतरले. भिंतीपाशी आम्ही दोघंच होतो.

"हुबर्ट, पंखा बंद कर. इतके महिने काय दगड खाऊन जगतोय तो?"

"पेटी चुकत नाही म्हणाला होतात."

"तू भाऊ म्हणून बोलतोयस."

"हो, भाऊ म्हणूनच. तुम्ही कोण म्हणून बोलताय?"

माझं डोकं फिरलं होतं. पंखा बंद झाला की बोगदा कायमचा बुजवणार होते. आईला पुरायला त्याची हाडंही मिळाली नसती.

साहेबांनीच बटण दाबलं. पंखा फिरतच राहिला. पुन्हा दाबलं. पाइपमधून उलटी, कोमट हवा आली. तिला चरबी-लसूण लावलेल्या पावाचा वास होता. एर्विनच्या डब्यात रोज तोच असे.

साहेब दोन पावलं मागे सरले.

पाळी सुटली की आमच्यात 'देव भलं करो' म्हणतात. ते ऐकलं की गडी हातातलं काम टाकून निघतो. त्या भिंतीपाशी मी ते कधीच म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार? त्याची पाळी सुटली, हे मला मान्यच नव्हतं.

त्या दिवशी मात्र रागाच्या भरात तोंडातून निघालं, "चल एर्विन, पुरे झालं या लोकांसाठी राबणं. देव भलं करो."

पंखा थांबला.

पडदा बदलला. भिंतीआड कोणी नाही. भिंतीअलीकडे तीन माणसं.

"बिघडलीये," साहेब पुटपुटले. पण मागे वळून पाहिलं नाही त्यांनी.

वर नेणाऱ्या पिंजऱ्यात साहेब एका कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले, मी दुसऱ्या. पिंजऱ्याचं दार लावणारा म्हातारा व्हिन्सेंट आत डोकावला आणि नेहमीसारखा खेकसला.

"साहेब, जरा सरका की. त्याचा खांदा दारात येतोय."