चार नंबरची जागा

बंबाच्या दारासमोर स्कूटर लावणारी मी त्या हवाई तळाच्या इतिहासातली पहिलीच बाई. इतिहास मीच छापत होते, त्यामुळे हे खात्रीने सांगते.

झालं असं, की तळावरच्या अग्निशमन आणि बचाव दलाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. दलातली जुनी मंडळी दरवर्षी एका रविवारी जमतात, यंदाच्या मेळाव्यात त्यांना दलाचा इतिहास पुस्तकरूपाने वाटायचा होता आणि ते काम आमच्या मामाच्या छापखान्याकडे आलं. छापखान्यात पानांची मांडणी मी करते. जुन्या फोटोंचं खोकं आणायला मी तळावर गेले. ऊन रणरणत होतं. सावली फक्त एका भल्या मोठ्या लाल दरवाजापुढे होती. मी लावली स्कूटर, आणि आत जाऊन कुणी दिसतंय का बघते, तोच घंटा वाजली.

दरवाजा वर सरकला. बंब सुरू झाला. चालकाच्या जागेवरून एक उंच माणूस खाली उतरला.

"स्कूटर कुणाची?"

"माझी."

"किल्ली?"

"पर्समध्ये."

"पर्स?"

"...स्कूटरच्या डिकीत."

त्याने अर्धा क्षण माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही, हसलाही नाही. दोघातिघांनी मिळून माझी स्कूटर अलगद उचलली, कुठेतरी नेली आणि मी "अहो, जरा—" म्हणेपर्यंत बंब दिसेनासाही झाला होता.

पाऊण तासाने तो परतला. केसांपासून बुटांपर्यंत पांढरा फेस.

"तुमची स्कूटर मागे टोमॅटोच्या वाफ्यात आहे," तो म्हणाला. "तीन रोपं गेली. बाकी कुणी जखमी नाही."

"आणि आग?"

"विमानाच्या चाकातून धूर येत होता. आता चाक गार आहे."

"तुम्ही?"

"मी नेहमीच गार असतो."

बोलताना तो प्रत्येक शब्द तोलूनमापून ठेवत होता. सगळे त्याला 'सावकाश' म्हणतात हे मला नंतर कळलं. बंब मात्र तो असा चालवायचा, की शेजारी बसणारे डोळे मिटून घेत. त्याच्या भुवईवर फेसाचा एक ठिपका राहिला होता. पुसून टाकावा असं माझ्या मनात आलं आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. मी तशी कुणाला घाबरत नाही, पण पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाची भुवई पुसणं म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

पुस्तकासाठी माहिती पुरवायचं काम दलाच्या साहेबांनी सावकाशवरच टाकलं होतं. त्यामुळे दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, ड्यूटी संपली की तो छापखान्यात यायचा. शाईचा वास, यंत्राची घरघर आणि माझ्या टेबलाशी बसलेला तो. कोणता बंब कोणत्या साली आला, धावपट्टीवर फेस पसरायची पद्धत कशी बदलली, पुरात अडकलेल्या माणसांना यांनी होड्यांतून कसं काढलं, सगळं तो सांगायचा आणि मी टिपून घ्यायचे. बंबातल्या माणसांना नंबर असतात हे मला त्याच्याकडूनच कळलं. एक नंबर प्रमुख, दोन नंबर चालक, तीन आणि चार पाण्याचा पाइप घेऊन सगळ्यांत आधी आत जाणारे, पाच नंबर शिडी सांभाळणारा. निवृत्त झाले तरी ही मंडळी एकमेकांना नंबरानेच हाक मारतात.

"म्हणजे तुमच्या बायकोनेही तुम्हाला 'अहो दोन नंबर' म्हणायचं?" मी एकदा विचारलं.

"बायको नाहीये."

"ते मला माहीत आहे. मी नियम विचारतेय."

तो हसला. चहाचा कप दोन्ही हातांत धरून, खाली बघून, बराच वेळ. पलीकडे मामाने उगाचच जोरात खाकरून यंत्राचा वेग वाढवला.

सहा आठवड्यांत मला कळून चुकलं, की मी या माणसात पुरती गुंतले आहे. त्यालाही कळलं होतं. नाहीतर फोटोचं साल सांगायला कुणी एवढ्या उन्हात तळावरून चालत येत नाही, फोन असतो. अडचण एकच होती. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याची बदली होती. दूरच्या तळावर, तीन वर्षांसाठी. आणि तो काही बोलत नव्हता.

मग मीच बोलले. तळावर एक उंच मनोरा आहे, त्यात धुतलेले पाइप वाळत टाकतात. वरपासून खालपर्यंत ओले पाइप लोंबत होते, टपटप पाणी गळत होतं, आणि त्या थेंबांखाली आम्ही दोघं उभे होतो.

"तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

एक थेंब माझ्या नाकावर पडला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि दिला, बोटाला बोटही न लावता.

"मी लग्न करायचं नाही असं ठरवलंय," तो म्हणाला. "बाबा याच दलात होते. मी सात वर्षांचा असताना इंधनाच्या कोठाराला आग लागली, त्यात गेले. आई अजून दर मेळाव्याला येते. तिला तिथे उभी बघतो ना मी... तसं कुणाला उभं करायचं नाही मला."

"आणि जिला उभं राहायचं आहे, तिला विचारायचंही नाही?"

"नाही," तो म्हणाला. त्याचं 'नाही'सुद्धा सावकाश असतं, त्यामुळे ते जास्त लागतं.

मी हार मानणाऱ्यांतली नाही. बोलून जमत नाही, तर कामातून दाखवू, असं मी ठरवलं. पुस्तक असं करायचं, की याने बघतच राहावं. मजकूर तपासून झालाच होता, फोटो राहिले होते. मेळाव्यांचे एकूण अठरा फोटो, पण एकही धड नव्हता. माणसं बंबांपुढे रांगेत उभी, आणि रांगेत मधेमधे भगदाडं. दोन माणसं, मग रिकामी जागा, मग पुन्हा दोन. दात पडलेल्या तोंडासारखी रांग. फोटो काढणाऱ्याने यांना जवळ सरकायला सांगू नये? मी दोन दिवस संगणकापुढे बसले आणि प्रत्येक फोटोतली माणसं एकमेकांजवळ आणली, खांद्याला खांदा. रांगा कशा सरळसोट दिसायला लागल्या! मामानेही मान डोलावली. फर्मा, म्हणजे फोटोंच्या पानांचा ताव, छापूनही झाला.

मंगळवारी सावकाश आला. मी छापलेलं पान त्याच्यापुढे ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत बसले.

त्याने खूप वेळ पाहिलं. मग एका फोटोवर बोट ठेवलं.

"इथे माझे बाबा होते."

मी वाकून पाहिलं. "कुठे? इथे तर तीन नंबर आणि पाच नंबर आहेत."

"त्यांच्या मधे. चार नंबर. जो गेला त्याची जागा आम्ही मोकळी ठेवतो. दरवर्षी. फोटो झाला की आई त्या जागेशेजारी जाऊन उभी राहते." त्याने पान उलटलं. "इथेही काढले तुम्ही. इथेही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तो एक शब्द रागाने बोलला नाही. पान नीट जागेवर ठेवलं, "येतो," म्हणाला आणि गेला. शुक्रवारी तो येणार नाही, हे मला त्याच्या पाठीकडे बघूनच कळलं.

मी रडले. पंधरा मिनिटं, चांगली हुंदके देऊन. मग तोंड धुतलं आणि मामासमोर उभी राहिले.

"फर्मा पुन्हा छापायचा आहे."

"शाई काय नळाला येते?" मामा कडाडला. "चार दिवसांत छपाई, बांधणी... वेड लागलंय का तुला?"

"चूक माझी आहे, मामा. माणसं खोडलीत मी. मेलेली माणसं पुन्हा मारलीत."

मामा बाह्या सरसावत म्हणाला, "जुने फोटो काढ. आणि माझ्यासाठी कडक चहा टाक."

पण नुसती जागा मोकळी करून मला पुरणार नव्हतं. मी तडक शिट्टीकाकांच्या घरी गेले. हे दलाचे सगळ्यांत जुने प्रमुख, वय वर्षं एक्याऐंशी, गळ्यात अजून ड्यूटीवरची शिट्टी. मी सगळं कबूल केलं. त्यांनी मला भिंग आणायला पाठवलं, खुर्ची ओढली आणि बुधवार-गुरुवार, दोन्ही दुपारी, एकेका रिकाम्या जागेवर बोट ठेवत मला माणसं सांगितली. अठरा फोटोंत मिळून तेवीस माणसं.

"हा शिडीवर चढताना गायचा. भसाडा! हा झोपेतही बूट काढत नसे. आणि हा चार नंबर..." त्यांनी गळ्यातली शिट्टी चाचपली. "आगीतून दोघांना बाहेर आणलं त्याने. तिसऱ्यासाठी परत गेला. मी शिट्टी वाजवत होतो, परत ये म्हणून. त्याने ऐकली असणार. ऐकूनही गेला."

प्रत्येक फोटोखाली मी ओळ टाकली, 'डावीकडून' अशी सुरू होणारी. त्यात उभे असलेल्यांची नावं होती आणि मोकळ्या जागांचीही, त्यांच्याच क्रमाने, कुणाच्याही मागे 'कै.' न लावता.

रविवारी सकाळी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन मी मेळाव्याला पोचले, तेव्हा पानांची शाई वाळलेली होती आणि माझे डोळे लाल. फोटोची तयारी चालली होती. पांढऱ्या केसांची माणसं आपापल्या बंबापुढे नंबराने उभी राहत होती. फोटो काढणारा नवा होता. कॅमेऱ्यातून बघत तो ओरडला, "अहो, जरा जवळ सरका, मधे जागा सुटतेय!"

"सुटू दे!" साठ-सत्तर म्हातारे एका आवाजात गरजले आणि खदाखदा हसले. दरवर्षी कुणी ना कुणी हे म्हणतं आणि दरवर्षी ते असेच गरजतात, असं शिट्टीकाकांनी मला नंतर सांगितलं.

फोटो झाला, पुस्तकं वाटली. मैदानभर नुसता पानांचा आवाज. एक बारीक चणीच्या, टवटवीत बाई उघडं पुस्तक छातीशी धरून सरळ माझ्याकडे आल्या. मागे दोन पावलांवर सावकाश होता.

"छापखान्यातली तूच ना?"

"हो. काकू, आधी मीच ते—"

"खोडलेलं माहीत आहे मला. हा सांगून बसलाय. खोडलेलं परत लिहिणारी माणसं कमी असतात, बाई." त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू. लग्न नाही करायचं म्हणतोस ते माझ्यामुळे?"

"आई, इथे नको."

"इथेच. मी आठ तास गाडीत बसून दरवर्षी येते ती काय शिक्षा भोगायला? तुझ्या बाबांबरोबर नऊ वर्षं काढली मी. नव्वद वर्षं मिळाली असती तर हवीच होती. पण ही नऊ नकोत असं कुणी म्हटलं असतं ना, तर मी त्याच्या तोंडावर दार आपटलं असतं. त्या जागेशेजारी मी मानाने उभी असते. माझी कीव करून स्वतःचं आयुष्य वाया घालवू नकोस."

एवढं बोलून काकू शिट्टीकाकांशी गप्पा मारायला निघून गेल्या. आमच्या दोघांत आता कुणीच नव्हतं. घोडामैदान समोर होतं, आणि मी वेळ घालवला नाही.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "खूप. उद्या जाताय म्हणून घाईने बोलतेय असं नाही. पुढच्या वर्षी जाणार असतात तरी आजच बोलले असते."

त्याने पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. बाबांचं नाव होतं त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. आगीत जाणारा माणूस, किती साधेपणाने म्हणाला! "तू मला पहिल्या दिवसापासून आवडतेस. म्हणूनच वाटते."

"मलाही वाटते. मग दोघांनी मिळून घाबरू."

मग त्याने हात पुढे केला आणि सगळ्या म्हाताऱ्यांदेखत माझा हात धरला. खरखरीत, गरम हात. 

"तीन वर्षं म्हणजे फार," तो हळूच म्हणाला. "थांबशील?"

"मुळीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. मी तो पुरता उतरू दिला, सहा आठवड्यांचा हिशेब होता. मग म्हणाले, "थांबायचं कशाला? मी येणार. तिथेही माणसं पुस्तकं छापतच असतील की. फक्त मामाला तू सांगायचं."

आगीला सामोरं जाणारा तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत पांढराफटक पडला. पण त्याच दुपारी, कडक इस्त्रीच्या गणवेशात, आईला बरोबर घेऊन तो छापखान्यात आला आणि मामासमोर ताठ उभा राहून एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. मामाने त्याला खुर्ची दिली आणि मला चार कप कडक चहा टाकायला सांगितला.