दुपट्ट्याखालचा सौदा

हिरासिंग दलालाची सारी जिंदगी पुसदच्या बैलबाजारात गेली. तिथं सौदा तोंडानं नाही, दुपट्ट्याखाली होये. विकणारा बोटं दाबून भाव सांगे, हिरासिंग त्यातली काही सोडून बाकीची दाबे. पहिला भाव त्यानं जन्मात कोणाचा कबूल केला नाही, सख्ख्या सोयऱ्याचा बी नाही. अन् एकदा दाबलेलं बोट मागं घ्याचं नाही, हा बाजाराचा कायदा.

गेल्या उन्हाळ्यात घाटात मोटरसायकल घसरली अन् त्याचा सोनू गेला. पोरगा कॉलेजात बेसबॉल खेळे, बॉल फेके. मागं राह्यला त्याचा मोबाईल. त्यात टीम चालवायचा एक गेम होता, अन् त्या टीममंधी सोनूनं सोताच्याच नावाचा खेळाडू ठेवला होता. हिरासिंगले वाचता येत नव्हतं. पोरगी राखी वाचून दाखवे, अन् बाप रोज दुपारी सोनूचा खेळ पाहे. तेवढंच काय ते उरलं होतं.

एक दिवस राखी म्हणाली, "बा, दादाचा करार संपला. आता तो मोकळा हाय. मागणी पुरवली नाही तं खेळ सोडते म्हणे. नाव मिटून जाईन."

"काय मांगते?"

"पुऱ्या टीमच्या तिजोरीच्या तिप्पट."

हिरासिंग हासला. कितीक दिसानं हासला. "बापावर गेला साला! म्हाताऱ्या बैलाचा मालक बी असंच मांगते. अर्धं सांग."

अर्धं सांगितलं. मागणी उतराले पाह्यजे, ते चढली. पुन्हा सांगितलं, पुन्हा चढली. राखी म्हणे, या गेमात खेळाडू आभाळच मांगतात. मंग एका दुपारी आकड्याच्या जागी अक्षरं आली.

"'माही खाट आत घ्या,'" राखीनं वाचलं. मोबाईलात सिमकार्ड नव्हतं. तिनं तो उलटा ठेवला.

खाट तेरवीपासून आंगणात भिंतीले उभी होती. हिरासिंगनं आत आणली, वर गोधडी टाकली.

"आता वाच."

राखीनं मोबाईल सुलटा केला. "'घरी यायचं हाय. पुरा.' शेवटची मागणी हाय, बा. मी नाही दाबत. तू बी नोको दाबू."

"माहं लेकरू यायचं म्हणते अन् मी नाही म्हणू?"

पण कुठं दाबाचं हे त्याले कुठं समजे? त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून मोबाईलवर टाकला अन् खाली हात घातला.

खाली हात होता.

थंडा. मधल्या बोटावर बॉलच्या शिवणीनं पडलेला घट्टा. हिरासिंगच्या डोळ्याले धार लागली. त्या हातानं त्याची पाची बोटं धरली अन् दाबली. पुरा.

हिरासिंगनं हो म्हणाले तोंड उघडलं.

त्याच्या आधी त्याच्याच हातानं तीन बोटं सोडली, दोन दाबली.

दुपट्टा जराकसा थांबला. मंग ती दोन बोटं करकचून दाबल्या गेली. पटलं.

"नाही! सोनू, पाची! पाची, बाबू!" तो चाचपत राह्यला. खाली नुसता काच होता. राखीनं दुपट्टा ओढला. मोबाईलवर लिहून होतं, करार झाला.

आतून सोनूच्या मायची, हंसाबाईची, हाक आली. आवाजात सुख मावत नव्हतं. "सोनूचे बा, या नं आत! पाय पहा किती थंडे पडले माह्या लेकराचे."

ते खाटेच्या पायथ्याशी बसून गोधडीखालचे तळवे घासून राह्यली होती.

"पण हा बोलत काहून नाही वो?"

गुडघ्याच्या वर गोधडी सपाट होती.