लाकडावर चढलेला गंज

माझ्या धाकट्या भावाची मयुरी पोलीस भरतीत लागली, ते २०२३ साल. मार्च संपत आला होता. मोताळ्यातल्या आमच्या दुकानापुढे गंजलेल्या कूलरची रांग लागली होती. गंज घासायचा, लाल प्रायमर मारायचा, मग रंग द्यायचा, हे आमचं काम. घासण्यात माझ्या लेकीचा, महामायाचा हात कोणी धरू शकत नसे.

त्या दुपारी एक तरुण दारात आला. पाठीवर इलेक्ट्रिक गिटार, तारा काढलेली.

“जय भीम, काका. ते गंजाचं...”

“ठेवा. घासून देऊ,” महामाया मान वर न करता म्हणाली. “परवा या.”

“घासाचा नाही. चढवाचा हाय.”

तिच्या हातातला पॉलिश पेपर थांबला.

“लाकडाले गंज चढते का?”

“तेच इचाराले आलो.”

“उन्हानं डोक्यावर परिनाम झाला का?”

“हाव... आत्ताच झाला, थोडासा.”

मी तोंड फिरवून हसलो.

तो धामणगाव बढ्याचा प्रसेनजित. भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. चौदा एप्रिलला गावात कार्यक्रम होता.

“पन गंजच काऊन?” तिनं विचारलं.

“लोकं मले भंगारवाल्याचं पोट्टं म्हनतात. बाबाच्या भंगारावरच ही गिटार आली. मंग दिसू द्या न सगळ्याइले.”

तेव्हा कुठे तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

ग्राइंडरखालचा लोखंडाचा कीस तिनं जुन्या ओढणीतून चाळला, प्रायमरमध्ये कालवला आणि गिटारला दोन हात दिले. चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगर आणलं, त्यात मीठ विरघळवलं. ते पाणी सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. प्रसेनजित रोज यायचा. तिनं शिंपडायचं, त्यानं गिटार धरायची. थेंब त्याच्या मनगटावर उडायचे, तो पुसायचा नाही. आधी तपकिरी, मग नारिंगी... गंज फुलत गेला. बोलणं मात्र गंजापलीकडे जाईना.

आतल्या खाटेवरून माझी बायको धम्मशीला हे सगळं पाहायची. दोन्ही किडन्या गेल्या होत्या तिच्या. वरून क्लिअर, म्हणजे बिनरंगी वार्निश मारलं की गंज तिथंच थांबणार, गिटार जाणार आणि पोरगाही. हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

पाचव्या दिवशी महामाया क्लिअर आणायला बाजारात गेली.

“आयकलं का?” धम्मशीला म्हणाली. “पोरगी सांगून गेली, रंग बिघडला म्हने. घासून टाका, प्रायमर मारा.”

मी बसलो. अर्ध्या तासात गिटार लालभडक!

महामाया आणि प्रसेनजित दारात एकदमच आले. तिच्या हातातला डबा खाली पडला.

“बाबा! हे काय केलं?”

“तूच तं सांगितलं...”

“मी कवा सांगितलं?”

मी खाटेकडे पाहिलं. धम्मशीलानं भिंतीकडे तोंड केलं होतं, चादर हलत होती. मी समजलो.

“चुकलो बाई,” म्हणालो. “तीस वर्षाची सवय. गंज दिसला का हात थांबत नाही.”

महामाया रडकुंडीलाच आली. “पाच दिवसाची मेहनत गेली...”

“बरंच झालं,” प्रसेनजित हळूच म्हणाला. “अजून पाच दिवस येनं भेटन मले.”

ती डोळे पुसता पुसता थांबली. “गिटार नसती तं... आला असता का?”

“कोनत्या तोंडानं येऊ? घरी कूलर बी नाही आमच्या.”

“नसला तं नसला,” ती म्हणाली. “तसाच ये.”

मी उगाच एका कूलरची जाळी उघडून आत डोकं घातलं.

रात्री धम्मशीलाला म्हटलं, “पाप लागन तुले.”

“लागू द्या. किती दिवस नुसतं पानी शिंपडत राह्यले असते दोघं? मले पाहाचं व्हतं... येळ हाय का माह्याजवळ?”

दुसऱ्यांदा चढलेला गंज आधीपेक्षा गडद निघाला. चौदा तारखेला प्रसेनजित ती गिटार घेऊन मंचावर उभा राहिला. समोर त्याचे वडील बसले होते.

डिसेंबरात लग्न लागलं. धम्मशीला खुर्चीवर बसून होती. त्रिशरण तिनं सगळ्यांबरोबर पुरं म्हटलं. आयुष्यात मी पुष्कळ गंज घासला. त्या एका घासण्याचं पुण्य तिचं आहे, आणि त्यासाठी मी रोज तिचे आभार मानतो.

धम्मशीला ९ फेब्रुवारी २०२४ ला, शुक्रवारी दुपारी वारली.