लिहिणारा कोण?

चंद्रावरच्या तळाच्या प्रयोगशाळेत संकलकाने, म्हणजे प्रोग्रॅम तपासणाऱ्या कंपायलरने, पुन्हा नकार दिला. निलोफर मुलाणीने पडद्यावरची ओळ वाचली : ‘हा नकाशा सहा यंत्रमानवांना एकाच वेळी देता येणार नाही. तो बदलू शकतो.’

नकाशा होता सुहास टिळेकरांच्या स्मृतीचा. तळाची हवा शुद्ध करणारी यंत्रणा त्यांनीच उभारली होती. महिन्यापूर्वीच्या स्फोटानंतर ते शुद्धीवर आले नव्हते. कोपऱ्यातल्या खाटेवर निश्चल पडून होते. आणि आता ती यंत्रणा बिघडत चालली होती. ती दुरुस्त करायला यंत्रमानवांना त्यांचीच स्मृती हवी होती.

“त्यांचा विचार कधीच थांबलाय,” डॉक्टर अरुंधती पेंडसे म्हणाल्या. “मग बदलणार काय? तपासणी बंद कर आणि नकाशा वाटून टाक.”

“मॅडम, संकलक प्रोग्रॅम चालवण्याआधी तो पूर्ण वाचून काढतो. एखादी गोष्ट अनेकांनी नुसती वाचली तर बिघडत नाही. पण कुणी वाचत असताना दुसऱ्याने तिथेच लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती अर्धं जुनं, अर्धं नवं येतं. त्यावर विसंबून यंत्रमानवाने भलतीच झडप उघडली, तर आपण सगळे गुदमरू.”

“पण लिहिणारं आहे कोण?”

निलोफरलाही तेच कोडं पडलं होतं. नकाशाला हात लावू शकणारा एकेक प्रोग्रॅम तिने तपासला. यंत्रमानव फक्त वाचणारे. उरली टिळेकरांच्या मेंदूला जोडलेली तार. तिचा प्रोग्रॅम मेंदूतल्या संकेतांवरून आपोआप तयार होई. संकेत नसतील तर त्यात लिहिण्याची आज्ञाच येऊ शकत नव्हती.

आज्ञा होती.

ती खाटेपाशी गेली. “सुहासदादा, आधी पंखा थांबवायचा की झडप बंद करायची?”

चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तिने संकलक चालवला. नकार तोच, पण लिहिण्याची जागा सरकून झडपेच्या आठवणीवर आली होती. तिने तिथे नव्याने उमटलेलं वाचलं : आधी पंखा.

तिने तेवढीच सूचना यंत्रमानवांना दिली. थोड्या वेळाने हवेचा दाब सावरला.

पेंडसेबाई मात्र पडद्याकडे पाहतच नव्हत्या. खुर्ची ओढून त्या टिळेकरांच्या कानाशी वाकल्या.

“टिळेकर, मी अरुंधती. गेला महिनाभर इथे उभं राहून आम्ही जे जे बोललो, ते तुम्हाला ऐकू येत होतं?”

निलोफरने उत्तर वाचलं. मग ते मोठ्याने सांगितलं : “सगळं.”