‘पेट्रेल’ची उपटलेली कडी

“सुटीचा पहिला दिवस आणि होडीचं घासकाम!” डेक्स्टर कुरकुरला. “पोहायला कधी जायचं?”

“तू घासतोयस कुठे? नुसती ओटची बिस्किटं हाणतोयस!” ओडेट म्हणाली.

कॉराला मैत्रिणीच्या या बोलण्यावर हसू आलं नाही. गेल्या ऑक्टोबरात तिचे बाबा याच होडीवरून समुद्रात पडले, ते परत आलेच नाहीत. जुनी ‘पेट्रेल’ तेवढी वाऱ्याने किनाऱ्याला लागली. ‘रेमंडने सुरक्षा पट्टा अडकवलाच नसणार. बेफिकीर माणूस!’ सगळं बंदर हेच म्हणत होतं. आता आईने होडी नौकानयन शिबिराला देऊन टाकली होती. सोमवारी तिच्यातून लहान मुलं जाणार होती.

“कॉरा, इकडे बघ!” ओडेट डेकवर ओणवी झाली होती. “पट्टा अडकवायची कडी उजवीकडे आहे, डावीकडे नाहीच! नुसता नवा रंग फासलाय.”

कॉराच्या चुलतभावाने, डेक्स्टरने, तो रंग खरवडला. खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली चार भोकं निघाली! ती उकरून आत खिळा खुपसला, तर काळं, ओलं लाकूड भुसभुशीत लागलं.

कॉरा धावत खालच्या खोलीत गेली. उजव्या कडीच्या बरोबर खाली छत कोरं होतं. नट नाहीत, लोखंडी पट्टीही नाही! बोल्ट आरपार हवा आणि खालून पट्टी हवी, म्हणजे ताण वाटला जातो, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं.

“नुसते आखूड स्क्रू!” ती ओरडली. “या कड्या हर्शलकाकांनी बसवल्या होत्या!”

दुपारी होड्या दुरुस्त करणारे हर्शलकाका आणि शिबिराच्या प्रमुख इझनरबाई पाहणीला आले. सोबत कॉराची आईही होती.

“एकदम भक्कम आहे!” काका म्हणाले.

“मग काका, त्या कडीला पट्टा अडकवून मागे झुका ना!” कॉरा म्हणाली. “धक्क्यापाशी पाणी कमरेएवढंच आहे.”

काकांचा हात पट्ट्याकडे गेला आणि थबकला. “हा काय पोरखेळ?”

“मग आम्हीच खेळतो!” डेक्स्टरने कडीला दोर बांधून तो डेकवरच्या दोर ताणायच्या चरखीला गुंडाळला आणि दांडा फिरवला. कर्र... फट्! काळ्या ढलप्यांसकट कडी उडाली!

 हर्शलकाकांनी ती कडी उचलली.

“ती भोकं मीच बुजवली,” ते पुटपुटले. “होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा डावी कडी उपटलेली दिसली... आणि तोंड उघडायची हिंमत झाली नाही.”

“म्हणजे रेमंडने पट्टा अडकवला होता,” आई हळूच म्हणाली. “किती महिने मी त्याच्यावर रागावले होते गं, कॉरा.”

इझनरबाईंनी टोपी काढली. “रेमंडला नावं ठेवण्यात मीच पुढे होते. उद्या साऱ्या बंदराला खरं सांगेन. आणि पोरांनो, शाब्बास! आज तुम्ही किती मुलांचे जीव वाचवलेत!”

डेक्स्टर खूश झाला. कॉराला मात्र ती शाबासकी बाबांच्या तोंडून हवी होती.

शिबिर आठवडाभर पुढे गेलं. कुजलेलं लाकूड कोरून भरलं, जाड पट्ट्या आल्या. ओडेट वरून बोल्ट धरून बसली आणि कॉरा खालून नट आवळू लागली.

“बस कर! घट्ट झालाय!” वरून ओडेट ओरडली.

कॉरा तरी पाना फिरवतच राहिली. वर गेली असती, तर तिचे भरलेले डोळे सगळ्यांना दिसले असते. आई खाली आली आणि तिने दुसरा पाना उचलला.

“अजून दोन राहिलेत,” कॉरा म्हणाली.

“हं. सरक जरा,” म्हणत आई तिला चिकटून बसली.