फाटक लावलं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी बहीण आहे, आणि शेवटचा थोडा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत घडलाय.

गेल्या वर्षीची गोष्ट. थंडी नुकतीच पडायला लागली होती. रविवार होता, दुपार कलली होती.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. ताई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. पन्नाशी जवळ आली आणि दोघांच्या डोक्यात सायकलचं खूळ शिरलं. तेही साधंसुधं नाही. जाड टायरच्या, खडीवर चालणाऱ्या ग्रॅव्हल सायकली घेतल्या आणि दर रविवारी शहराबाहेरच्या माळरानावर जायला लागले. भाचीने आईला चिडवलं की आता गुडघ्याचे एक्स-रे घरच्या घरीच काढ. ताईने ते हसण्यावारी नेलं.

ते माळरान मी पाहिलंय. झाड म्हणून नाही. गुडघाभर उंचीची झुडपं, एकामागून एक चढ-उतार, आणि मधून जाणारी खडीची एकच वाट. वाटेच्या दोन्ही बाजूंना दलदल. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत.

मेंढ्या चरतात म्हणून जागोजागी कुंपण आहे आणि वाटेत फाटकं आहेत. फाटक उघडलंत तर लावून जा, एवढाच तिथला नियम.

दोघांची पद्धत ठरलेली होती. भाऊजी पुढे. ते फाटक उघडायचे आणि तसेच पुढे निघायचे. ताई मागून यायची, फाटक ओढून कडी घालायची आणि ओरडायची, "लावलं!"

मग भाऊजी एकदा घंटी वाजवायचे. म्हणजे, ऐकलं.

मागे वळून ते कधीच बघायचे नाहीत. ही त्यांची कामावरची सवय. लिफ्टच्या कामात एक जण खाली खड्ड्यात असतो, एक वर. खालच्याने "बाहेर आलो" म्हटलं की वरचा लिफ्ट चालू करतो. वरून वाकून काही दिसत नाही. जोडीदाराच्या आवाजावर भरवसा ठेवायचा, बस्स. भाऊजींची उभी हयात त्या भरवशावर गेली होती.

त्या दिवशी पहिलं फाटक ओलांडलं तेव्हा स्वच्छ ऊन होतं. ताईचं "लावलं" आलं. घंटी वाजली.

दुसऱ्या फाटकाशी पोचेपर्यंत धुकं उतरायला लागलं. हां हां म्हणता समोरची झुडपं दिसेनाशी झाली. ताई मागून म्हणालीही, की आज इथूनच फिरू या का. भाऊजी म्हणाले, वरच्या बाकापर्यंत जाऊ, चहा घेऊ आणि फिरू. चहाचा थर्मास ताईच्या पाठीवरच्या पिशवीत होता.

दुसरं फाटक. "लावलं!" घंटी.

चढ सुरू झाला. धुक्यात स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. टायरखाली खडी करकरत होती.

तिसरं फाटक आलं. त्याची कडी मोडलेली आहे. तिथे दोरी बांधावी लागते आणि ताईचं त्यात फार नेमकं असतं, दोन गाठी मारते. भाऊजींनी दोरी सोडली, फाटक ढकललं आणि पुढे गेले.

थोड्या वेळाने मागून…

"लावलं."

भाऊजींनी घंटी वाजवली.

नंतर ते मला म्हणाले, आवाज तिचाच होता, शंभर टक्के तिचा. फक्त ती चढ चढून आली होती ना. तिला धाप लागायला हवी होती.

तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात हे आलं नाही.

शेवटचं फाटक. पुन्हा तेच.

"लावलं."

या वेळी आवाज फार जवळून आला.

घंटी वाजवून भाऊजी बाकापाशी पोचले. सायकल टेकवली, हातमोजे काढले, एकटेच बोलत बसले की आज पाय भरून आले बुवा. ताई येईना.

त्यांनी हाक मारली. उत्तर नाही.

पुन्हा मारली. खडी वाजत नव्हती, श्वास ऐकू येत नव्हता, काहीच नव्हतं. फोनला रेंज नव्हती.

आत्ता तर मागे होती. फाटक लावलं म्हणाली. मग गेली कुठे?

भाऊजी सायकल वळवून उताराला लागले. शेवटचं फाटक बंद होतं. कडी नीट घातलेली. पुढे तिसरं फाटकही बंद. दोरी बांधलेली होती, दोन गाठी मारून.

गाठी सोडताना त्यांचे हात थांबले.

गाठी त्यांच्याच बाजूला होत्या. म्हणजे ज्याने कुणी दोरी बांधली, त्याने ती फाटकातून इकडे आल्यावर बांधली होती. त्यांच्या मागोमाग वर गेला होता. वाट एकच. दोन्हीकडे दलदल. आणि उतरताना त्यांना वाटेत कुणीही भेटलं नव्हतं.

भाऊजी सायकल तिथेच टाकून खाली धावत सुटले, ताईला हाका मारत.

ताई सापडली ती दुसऱ्या फाटकाच्या जरा पुढे. पुढचं चाक मऊ जमिनीत रुतून ती वाटेखाली फेकली गेली होती. अर्धी चिखलात. ओठ निळे पडलेले. एका हाताने तिने झुडूप घट्ट धरून ठेवलं होतं.

भाऊजींना रडूच कोसळलं. ताईने आधी स्वतःचा खांदा चाचपून सांगितलं की गळ्याजवळचं हाड मोडलंय, रोज बघते मी, हात ओढू नका, कमरेला धरून उचला. त्यांनी उचललं. आपलं जाकीट तिला घातलं, थर्मासमधला चहा घोटघोट पाजला.

मग ती म्हणाली, "मी किती ओरडले हो. थांबा, थांबा म्हणून."

"मला फक्त 'लावलं' ऐकू आलं गं."

"मलाही आलं."

थर्मासचं झाकण लावता लावता भाऊजींनी तिच्याकडे बघितलं.

"वरून आलं. माझाच आवाज," ताई म्हणाली. "आणि मग तुमची घंटी वाजली. मी इथे चिखलात पडलेली, आणि तुम्ही तिला घंटी वाजवलीत. मला वाटलं, आता हे येत नाहीत."

आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी नंतर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

दोघं पायीच निघाली. तिची सायकलही तिथेच राहिली. अंधारून यायला लागलं होतं. एका हाताने ताईला कमरेला धरून, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन भाऊजी एकेक पाऊल टाकत होते. पहिल्या फाटकाची कडी त्यांनी कोपराने उडवली, फाटक पायाने ढकललं आणि ती दोघं बाहेर पडली. लावायला हात मोकळा नव्हता. मेंढ्या गेल्या खड्ड्यात, असं म्हणून ते तसेच पुढे गेले.

चार पावलं गेली असतील…

मागे फाटक करकरलं. कडी पडली.

"लावलं."

ताईची बोटं भाऊजींच्या दंडात रुतली. तिने हळूच सांगितलं, "मी नाही हं."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींना मागे वळून बघावंसं वाटलं. पण हिंमत झाली नाही. दोघं तशीच खाली लावलेल्या गाडीपर्यंत चालत गेली.

माझ्यासमोर घडलं ते दोन दिवसांनी. ताईला हॉस्पिटलातून घरी आणलं, भरदुपारी. तिला सोफ्यावर बसवलं, मी चहा करून दिला. भाऊजी गाडीतलं सामान घेऊन जिन्याने वर आले. दोन्ही हातांत पिशव्या. खांद्याने दार ढकलून आत आले आणि सरळ आमच्याकडे आले.

त्यांच्या मागे दार हळूच ओढलं गेलं… कडीचा आवाज झाला.

"लावलं."

मी ताईच्या समोर बसलो होतो. तिच्या ओठांना कप होता. ती घोट घेत होती.

आवाज दाराच्या आतल्या बाजूने आला होता.

भाऊजींनी पिशव्या तिथेच टाकल्या. आम्ही दोघांनी सगळं घर पालथं घातलं. कपाटं, बाथरूम, पलंगाखाली, गॅलरी. कुणी नव्हतं.

त्यानंतर त्यांनी माळरानावरच्या सायकली दुसऱ्या कुणाला तरी आणायला लावल्या आणि विकून टाकल्या. कामावर भाऊजी आता लिफ्टच्या खड्ड्यात स्वतः टॉर्च मारून बघितल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत. बाकीचे त्यांची टर उडवतात, म्हातारा झालास म्हणतात. ते ऐकून घेतात. घरी ताई तो शब्द उच्चारत नाही. दार बंद केलं, असं म्हणते.

आणि तिने आतल्या खोलीतून हाक मारली, तर भाऊजी जागेवरून ओ देत नाहीत. काय असेल ते हातातलं काम टाकून उठतात, तिच्यासमोर जाऊन उभे राहतात, तिचा चेहरा नीट बघतात, आणि मगच विचारतात, काय गं.

मला ते बघून भरून आलं होतं. माणूस किती जपतो, असं मी ताईला म्हणालोही. ती हसली नाही. भाऊजी अंघोळीला गेलेत याची खात्री करून घेऊन तिने मला एक सांगितलं, आणि त्यांना कळू देऊ नकोस म्हणाली.

परवा संध्याकाळी ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती. भाऊजी उठून आले, तिच्याकडे बघितलं, काय गं म्हणाले. तिने काहीतरी किरकोळ काम सांगितलं आणि ते गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले. पुन्हा चेहरा बघितला, पुन्हा विचारलं.

ताईने पुन्हा काहीतरी काम सांगितलं.

"दोन्ही वेळा मी हाक मारलीच नव्हती," ती म्हणाली.