स्पीकरला माती

सास्तूरच्या चौकात माझं दुकान हाय. बोर्डावर 'बब्रुवान साउंड सर्व्हिस' लिहिलंय, पण गावात पत्ता इचारला तर लोक म्हणत्यात, "त्यो फसव्या व्हय?" खरंय. सरपंच भाषणाला उभं ऱ्हायले की माइकातून म्हशीचं रेकणं सोडणारा मीच.

एकच मस्करी अंगाशी आली. पंधरा वर्षांमागं सिद्धम्मा आक्काच्या दारात जाऊन ओरडलो, "हादरा बसला, भायेर या." आक्का अनवाणी पळत आल्या. मला हसताना बघितलं अन् कानाखाली एक ठेवून दिली. सास्तुरात हादऱ्याची मस्करी कुणी करत न्हाय. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव झोपेतच गेलं. आक्काचे मालक महालिंगप्पा गेले, माझा बा बी गेला. मी चौदा वर्षांचा व्हतो. मला तरी कळायला पाहिजे व्हतं.

परवा दुपारी आक्काच्या पोराचा फोन आला. गौरीशंकर लातूरला नोकरीला हाय, पण तवा आईकडं गावी आला व्हता. म्हणला, "बब्रू, घरी ये. टीव्हीखालचा स्पीकर आठ दिवस झाले घूं घूं करायलाय. आई म्हणती, बाबा घोरत्यात."

गेलो. आक्का भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या व्हत्या. गौरी दारातच म्हणला, "आज आवाज बंद झाला तर ठीक. न्हायतर रविवारी आईला लातूरला नेतो. हे असलं ऐकत तिला एकटी ठेवत न्हाय मी."

"चौथ्या मजल्यावर कोंडणार मला," आक्का म्हणाल्या. "माझं घर सुटायलंय, बब्र्या. आज तरी सरळ काम कर."

"आक्का, मी कवा वाकडं केलंय?"

"गाल दुखायचा थांबला वाटतं तुझा."

गौरी फोनवर बोलत भायेर गेला. म्या पिशवी उघडली.

असली घूं घूं आमच्या धंद्यात रोजची. वायर ढिली असती, पिन गंजलेली असती. पेन ड्राइव्ह काढला, आवाज तसाच. डिशची वायर काढली, तसाच. आवाजाचं बटण शून्यावर आणलं. फ्रिज बंद केला. दुसऱ्या बोर्डात पिन घातली. तसाच.

मग नीट कान दिला. घूं घूं सरळ नव्हती. घुर्रर यायचं, थांबायचं, मग बारीक शिट्टी. परत घुर्रर.

"शिट्टी ऐकलीस?" आक्का म्हणाल्या. "नाकात हाड वाढलं व्हतं त्यांच्या."

म्या पिनच उपसली. कंडेन्सरमदी करंट उरतो, त्यामुळं दोन-चार सेकंद आवाज ऱ्हातो. मनात दहा मोजले. वीस मोजले. साठ झाले.

घुर्रर. शिट्टी.

मागचं झाकण खोलून स्पीकरच्या दोन्ही तारा कापल्या. कागदी पडद्यावर बोट ठेवलं. पडदा वर यायचा, खाली जायचा. कोमट व्हता.

अशा वक्ताला माझं तोंड आपोआप चालतं. म्हणालो, "आक्का, घराला अर्थिंगच न्हाय. ह्याला माती मिळाली न्हाय, म्हणून घुमायलंय."

शेंग फोडायचा आवाज थांबला.

"न्हायच मिळाली," आक्का म्हणाल्या.

म्या कापलेल्या तारा खाली ठेवल्या.

"त्या रातीला घोरण्याला वैतागले मी. गौरीला काखंत मारलं अन् अंगणात जाऊन झोपले. म्हणून आमी दोघं वाचलो. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देत्यात, तुला ठावं हाय. ह्यांना सगळ्यांसंगं जाळलं. कुणी इचारलं बी न्हाय, मी तरी कुठं शुद्धीत व्हते." त्यांनी पदरातली टरफलं झटकली. "मातीनं थांबतंय व्हय रे?"

"थांबतं, आक्का." दुसरं काय सांगणार.

घरामागं बेलाच्या झाडाखाली म्या कंबरभर खड्डा खणला. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, अर्थिंगची रोजचीच रीत. आक्का विभूती अन् बेलाची पानं घेऊन आल्या. दुसऱ्या हातात फडक्याची पुरचुंडी व्हती. महालिंगप्पांच्या गळ्यातलं लिंग. ढिगाऱ्यात तेवढंच सापडलं व्हतं. ते त्यांनी वाकून कोळशावर ठेवलं. कन्नडमदी काय तरी पुटपुटल्या अन् पहिली मूठ टाकली.

आतला घुर्रर मधीच तुटला. शिट्टी आलीच न्हाय.

अर्थिंगची तार अजून माझ्या हातात व्हती.

गौरी आला. "झालं?"

"झालं. अर्थिंग नव्हतं."

त्यानं स्पीकरला कान लावला, हसला, अन् रविवारचं रद्द करून पाचच्या एस्टीनं लातूरला गेला. आक्कांनी माझ्या खिशात शेंगा अन् गुळाचा खडा कोंबला.

"आठ दिवस त्या आवाजापायी अंगणात बाज टाकलीया," म्हणाल्या. "आज आत झोपते. लई दिसांनी."

दुकानापतुर आलो तवा दिवे लागायलेले. शटर वर केलं. टेबलावर दुरुस्तीचा एक स्पीकर पडला व्हता, नुसता सांगाडा. डबा न्हाय, तार न्हाय.

घुर्रर.

माझा बा घोरायचा तवा शेवटी जीभ टाळूला चिकटायची. टक् व्हायचं.

टक् झालं.

मग आक्काचं बोलणं डोक्यात बसलं. घोरण्याला वैतागले, म्हणून वाचले. अन् आठ दिवस त्याच घोरण्यानं त्या अंगणात झोपत व्हत्या. गेलेली माणसं जित्यांना घराभायेर काढायली व्हती, अन् आक्काचं घर म्याच गप केलं व्हतं.

मी पळत सुटलो.

आक्काच्या गल्लीत लोक बाजा भायेर काढायले व्हते. कोपऱ्यावरची शिवलीला गादी ओढत म्हणली, "दादा, आमचा टीव्ही बघा की उद्या. बंद केला तरी घूं घूं. आत बसवंना." पलीकडच्या घरातनं बी तोच आवाज. त्याच्या पलीकडं बी.

गल्लीत एकच घर गप व्हतं. दार आतून लावलेलं.

"आक्का, बाज भायेर घ्या."

"कोण, बब्र्या?"

"व्हय. आक्का, हादरा..."

आत त्या हसल्या. "एकदा फसले म्हणून परत फसंन व्हय? जा, झोप गुमान."

"आईची आन, आक्का."

"तवा बी आईचीच घेतली व्हतीस."

बाज कुरकुरली. दिवा गेला.

मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागलो.

तेवढ्यात माझ्या मागं गल्लीतली सगळी घूं घूं एकाच वक्ताला थांबली. शिट्टी कुणाचीच आली न्हाय.